रोजच्या दिवसातले अर्थशास्त्र कसे टिपावे : तीस दिवसांची वही

अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाला नुकताच प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्यांसाठी, आणि हा विषय कधीच अभ्यासाला नव्हता तरीही ज्यांना त्याविषयी कुतूहल आहे अशांसाठी, हे मार्गदर्शन लिहीत आहे. मी पदवीच्या तिसऱ्या वर्षात शिकते. पहिल्या वर्षी मला मागणीचा वक्र, म्हणजे किंमत बदलली की मागणी कशी बदलते हे दाखवणारी रेषा, न चुकता काढता येत असे आणि तो डावीकडून उजवीकडे खाली का उतरतो हेही सांगता येत असे. पण लिफ्टसमोर, रांगेत किंवा ग्रंथालयात माझ्या अवतीभवती जे चालले होते त्याचा त्या वक्राशी काही संबंध असेल, असे माझ्या मनातही आले नव्हते. तो संबंध दिसू लागला तो मी निरीक्षणांची वही ठेवू लागल्यावर. ती कशी ठेवावी आणि कोणत्या चुका टाळाव्यात, हे मला सुरुवातीला कोणी सांगितले असते तर माझे दोन महिने वाचले असते.

लागणारे साहित्य

- शंभर पानांची साधी वही आणि पेन. नोंदी फोनमध्ये करू नयेत असा माझा आग्रह आहे, कारण नोंद लिहिण्यासाठी उघडलेला फोन नोंद लिहून झाल्यावर बंद होत नाही.
- सेकंद दाखवणारे घड्याळ. रांगेच्या पायरीसाठी ते लागेल.
- पहिल्या वर्षाचे सूक्ष्मलक्षी अर्थशास्त्राचे, म्हणजे एकेका माणसाच्या किंवा व्यवसायाच्या निवडी अभ्यासणाऱ्या शाखेचे, कोणतेही एक पाठ्यपुस्तक. पहिले तीन आठवडे ते कपाटातच राहू द्या.
- वेगळा विषय शिकणारा एक मित्र किंवा मैत्रीण. तुमचे स्पष्टीकरण अशा व्यक्तीला पटत नसेल, तर बहुतेक वेळा दोष स्पष्टीकरणात असतो.
- रोजची पंधरा मिनिटे.

१. पहिले सात दिवस केवळ पाहिलेले लिहा

पहिल्या आठवड्यात एकही पारिभाषिक शब्द वहीत येऊ देऊ नका. नोंद चार ओळींची असावी : काय घडले, कोणापुढे कोणते पर्याय होते, त्यांतून काय निवडले गेले, आणि त्यात मला काय उमगले नाही. चौथी ओळ सर्वांत महत्त्वाची आहे, कारण पुढच्या तीन आठवड्यांचे काम तिच्यावरच चालते.

माझ्या वहीतली पहिली उपयोगी नोंद अशी आहे : "सकाळी ग्रंथालयात खिडकीजवळच्या सहा खुर्च्यांसमोर पुस्तके ठेवलेली होती, पण माणसे दोनच होती. बाकीचे चौघे पाऊण तासाने आले. मधल्या वेळात तिघेजण जागा शोधून परत गेले. पुस्तक ठेवणाऱ्याला जागा धरण्यासाठी काहीच द्यावे लागत नाही. मग कोणीही जागा सोडून का जाईल?" या एका नोंदीवर मी नंतर अनेकदा परत आले, आणि या लेखातही आपण तिच्याकडे परत येणार आहोत.

नवख्या विद्यार्थ्याची येथे होणारी चूक म्हणजे घटनेऐवजी तिचे नाव लिहिणे. त्याआधीच्या माझ्या वहीत "मागणी वाढली", "पुरवठा कमी पडला", "प्रोत्साहन चुकले" अशी पानेच्या पाने होती आणि दोन महिन्यांनी ती वाचताना प्रत्यक्षात काय घडले होते हे मला एकाही पानावरून सांगता येईना. ती वही मला बाजूला ठेवावी लागली.

आणखी एक दक्षता घ्या : नोंदीत कोणाचेही नाव लिहू नका. आपल्यावर कोणी लक्ष ठेवून आहे असे वाटले की माणसे निराळी वागू लागतात, आणि मैत्रीपेक्षा वही मोठी नाही.

२. प्रत्येक निवडीसमोर सोडलेली गोष्ट लिहा

गरजा अमर्यादित आणि साधने मर्यादित. शिवाय प्रत्येक साधनाला पर्यायी उपयोग. या कात्रीत माणूस कसा वागतो याचा अभ्यास म्हणजे अर्थशास्त्र, अशी मांडणी अर्थशास्त्रज्ञ लायोनेल रॉबिन्स यांनी १९३२ मध्ये केली. परीक्षेसाठी ही व्याख्या सगळेच पाठ करतात, पण तिच्यातले "पर्यायी उपयोग" हे दोन शब्द बहुतेकांकडून निसटतात. साधन मर्यादित असूनही त्याचा एकच उपयोग असता, तर निवडायचे काहीच उरले नसते.

आठव्या दिवशी सकाळपासून रात्रीपर्यंत तुम्हाला "फुकट" मिळालेल्या गोष्टींची यादी करा आणि प्रत्येकीसमोर त्या वेळात दुसरे काय झाले असते ते लिहा. समजा, संध्याकाळी दोन तासांचे एक विनाशुल्क व्याख्यान आहे. त्या दोन तासांत तुम्ही सांख्यिकीची उदाहरणे सोडवू शकला असता, झोपू शकला असता किंवा मित्राबरोबर फिरायला जाऊ शकला असता. यांतला जो पर्याय तुम्ही व्याख्यान नसते तर खरोखर निवडला असता, तोच त्या व्याख्यानाचा संधी खर्च होय.

येथे दोन सापळे आहेत. पहिला बेरजेचा. उदाहरणे, झोप आणि फेरफटका या तिन्ही गोष्टी गमावल्या असे लिहिणे चुकीचे आहे, कारण त्या दोन तासांत तिन्ही कधीच झाल्या नसत्या. फक्त सर्वोत्तम सोडलेला पर्याय धरायचा असतो.

दुसरा सापळा अधिक फसवा आहे. "पदवी मिळवण्याचा खर्च किती?" असे विचारले की बहुतेक जण शुल्क, पुस्तके आणि तीन वर्षांचा राहण्याजेवण्याचा खर्च एकत्र करतात. परंतु महाविद्यालयात गेला नसता तरी तुम्ही कोठेतरी राहिलाच असता आणि जेवलाही असता. त्यामुळे दोन्हीकडे सारखा होणारा भाग या हिशेबातून वगळला पाहिजे. उलट, त्या तीन वर्षांत नोकरी करून जे कमावता आले असते ते कोणत्याच पावतीवर दिसत नाही, म्हणून ते विसरले जाते, आणि अनेकांच्या बाबतीत तोच सर्वांत मोठा आकडा असतो. हिशेबात नको ते धरणे आणि हवे ते गाळणे या दोन्ही चुका एकाच प्रश्नात होतात. म्हणून हे उदाहरण स्वतःच्या बाबतीत कागदावर सोडवून पाहावे असे मी आवर्जून सांगेन.

३. "आणखी एक" हा शब्दप्रयोग वापरायला लागा

पाण्यावाचून जगणे अशक्य, तरी ते स्वस्त. हिऱ्यावाचून कोणाचे काही अडत नाही, तरी तो महाग. ॲडम स्मिथ यांनी १७७६ मध्ये हे कोडे मांडले. ते समाधानकारकपणे सुटायला जवळजवळ शंभर वर्षे लागली : १८७१ मध्ये विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स आणि कार्ल मेंगर यांनी, तर १८७४ मध्ये लिऑन वालरा यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, किंमत ठरते ती एकूण उपयोगितेवर, म्हणजे वस्तूपासून मिळणाऱ्या सगळ्या समाधानावर, नव्हे तर शेवटच्या नगाच्या, म्हणजे सीमांत, उपयोगितेवर हे दाखवले. जवळ भरपूर पाणी असताना आणखी एका पेल्याचे महत्त्व थोडेच असते.

हे वहीत आणायला अभ्यासाची रात्र सर्वांत सोयीची. उद्या दोन विषयांच्या चाचण्या आहेत आणि एकच तास उरला आहे. "कोणता विषय महत्त्वाचा?" हा प्रश्न येथे उपयोगाचा नाही, "हा एक तास कोणत्या विषयात अधिक गुण वाढवील?" हा खरा प्रश्न आहे. ज्या विषयाचा तुम्ही चार तास अभ्यास केला आहे त्याचे तेच प्रकरण तिसऱ्यांदा वाचून फारसे काही वाढत नाही, दुसऱ्या विषयातले अर्धवट राहिलेले प्रकरण मात्र एका तासात हाताशी येऊ शकते. महत्त्वाच्या विषयाला सगळा वेळ देणारे विद्यार्थी सरासरीचा विचार करत असतात, आणखी एका तासाचा नाही. सकाळी गजर पाच मिनिटे पुढे ढकलतानाही हाच प्रश्न स्वतःला विचारून पाहा. मला त्याचे उत्तर दर वेळी वेगळे मिळाले आहे, आणि तसे ते मिळायलाच हवे.

४. होऊन गेलेल्या खर्चासाठी वेगळा रकाना आखा

पानाच्या उजवीकडे एक उभी रेघ मारा. आता काहीही केले तरी परत मिळणार नाही असा पैसा, वेळ आणि श्रम, म्हणजे बुडीत खर्च, त्या रकान्यात लिहा, आणि निर्णय घेताना तो रकाना हाताने झाका. हे बालिश वाटेल, पण खरोखर हात ठेवल्याने फरक पडतो.

हॅल आर्क्स आणि कॅथरीन ब्लूमर यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात, विद्यापीठाच्या नाट्यगृहाची हंगामाची तिकिटे घ्यायला आलेल्या लोकांपैकी काहींना चिठ्ठी टाकल्याप्रमाणे कोणताही निकष न लावता सवलत दिली गेली, तर बाकीच्यांकडून पूर्ण किंमत घेतली गेली. नाटके तीच, आसने तीच आणि पैसे सर्वांचेच देऊन झालेले. तरीही हंगामाच्या पहिल्या सहा महिन्यांत पूर्ण किंमत दिलेले लोक अधिक नाटकांना हजर राहिले. आपण काय मोजले याची आठवण त्यांना नाट्यगृहाकडे घेऊन जात होती. मोठ्या प्रमाणावर हेच काँकॉर्ड विमानाच्या बाबतीत घडले. ब्रिटन आणि फ्रान्स यांच्या सरकारांनी, प्रकल्पातून खर्च भरून निघणार नाही हे दिसू लागल्यानंतरही तो चालूच ठेवला. ते विमान १९७६ ते २००३ या काळात प्रवासी सेवेत होते, आणि "काँकॉर्डची चूक" हे या वृत्तीचे नावच होऊन बसले.

मात्र ही संकल्पना शिकल्यावर विद्यार्थी तिचा अतिरेक करतात आणि मीही केला. अर्ध्यावर आलेले प्रत्येक काम सोडून देणे म्हणजे अर्थशास्त्र नव्हे. गटातल्या मित्रांना शब्द दिला असेल तर तो मोडल्याची किंमत पुढे मोजावी लागणार असते, म्हणजे ती बुडीत नसते. वापरलेले पुस्तक विकता येत असेल तर त्याच्या किमतीचा तेवढा भागही बुडीत नसतो. रकान्यात लिहिण्यापूर्वी "यातले काहीच परत येणार नाही का?" हे एकदा विचारावे.

५. रांगेत उभे राहा आणि घड्याळ लावा

या पायरीला दोन दिवस द्या, कारण शिकण्यासाठी रांगेइतकी चांगली जागा मला अजून सापडलेली नाही. तेथे पैशाची अदलाबदल न होताही वाटप होत असते आणि किंमत मिनिटांत मोजली जाते. ज्याच्या वेळाला दुसरीकडे फारसा भाव नाही त्याला ही किंमत हलकी जाते. ज्याला तासाभरात कामावर पोहोचायचे आहे त्याला जड. पैशाने वाटप केले की पैसेवाल्याचा नंबर पुढे लागतो आणि रांगेने केले की रिकामा वेळ असणाऱ्याचा. यांतले न्याय्य काय याचे उत्तर वाटली जाणारी वस्तू कोणती आहे यावर अवलंबून राहील, असे माझे मत आहे. एक फरक मात्र नक्की आहे : पैसे दिले तर ते निदान कोणाच्या तरी हाती पडतात, रांगेत घालवलेला वेळ कोणालाच मिळत नाही.

आता शेजारीशेजारी तीन खिडक्या असलेली जागा निवडा. दर दोन मिनिटांनी प्रत्येक रांगेतली माणसे मोजा. रांगा जवळजवळ सारख्या लांबीच्या राहतात, आणि त्या तशा ठेवायला कोणी माणूस नेमलेला नसतो. नवीन येणारा प्रत्येक जण सर्वांत लहान रांग शोधतो, आणि त्याने ती शोधल्यामुळेच ती लहान राहत नाही. बाजारात सहज मिळणारा नफा फार काळ पडून का राहत नाही, याचे इतके स्वच्छ रूप मला कोणत्याही आकृतीत दिसले नव्हते.

एखादी रांग बराच वेळ लहानच राहिली, तर तिच्यात धावत शिरण्याआधी कारण शोधा. बहुधा ती खिडकी संथ असते, किंवा तिच्यावर एकाच प्रकारचे काम होत असते आणि बाकीच्यांना ते ठाऊक असते.

"शेजारची रांग नेहमीच पुढे सरकते" ही तक्रारही मोजून पाहा. तीन रांगांचा वेग योगायोगाने कमीजास्त होत असेल, तर तुमची रांग सर्वांत वेगवान असण्याची शक्यता एक-तृतीयांश, आणि इतर दोहोंपैकी एखादी तुमच्यापेक्षा वेगवान असण्याची दोन-तृतीयांश. भाग्याला दोष देण्याआधी हा भागाकार करावा.

६. नियम बदलला की आधीचे आणि नंतरचे, दोन्ही मोजा

तुमच्या वर्गात, वसतिगृहात किंवा ग्रंथालयात एखादा नियम बदलणार असल्याचे कळले तर ती सोन्यासारखी संधी समजा. बदल होण्यापूर्वीचा आठवडा मोजून ठेवा. नंतरचे आकडे कोणीही गोळा करतो, आधीचे कोणाजवळच नसतात.

उरी नीझी आणि आल्दो रुस्तिकिनी यांनी इस्राएलमधल्या हैफा शहरात केलेला आणि २००० मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास या बाबतीत वस्तुपाठ आहे. दहा पाळणाघरांत मुलांना न्यायला पालक किती वेळा उशिरा येतात, हे त्यांनी वीस आठवडे मोजले. पहिल्या चार आठवड्यांनंतर सहा पाळणाघरांत उशिरासाठी दंड सुरू झाला. उशीर कमी होईल अशी कोणाचीही अपेक्षा असेल. तो वाढला आणि जवळपास दुप्पट झाला. सतराव्या आठवड्यात दंड काढून टाकला, तरी उशीर पूर्वीच्या पातळीवर आला नाही. आधी उशिरा येणाऱ्या पालकाला शिक्षिका आपल्यासाठी थांबली याचा संकोच वाटत असे. दंड लागल्यावर ती विकत घेण्याजोगी सेवा झाली. चार पाळणाघरांत काहीच बदल केला नव्हता, म्हणून फरक दंडामुळेच पडला असे संशोधकांना म्हणता आले. तुमच्या निरीक्षणातही, नियम न बदललेली एखादी जागा तुलनेसाठी निवडून ठेवा.

७. एखाद्या छोट्या गटात पैसा कसा वागतो ते शोधा

येथवरचे सगळे एकेका माणसाच्या निवडीबद्दल होते. संपूर्ण अर्थव्यवस्था एका पानावर मावत नाही, पण लहान गट मावतो. वॉशिंग्टनच्या कॅपिटॉल हिल भागातल्या सुमारे दीडशे दांपत्यांनी एकमेकांची मुले सांभाळण्यासाठी एक सहकारी मंडळ काढले होते, आणि त्याची हकिकत जोन आणि रिचर्ड स्वीनी यांनी १९७७ मध्ये लिहिली. मूल सांभाळले की कूपन मिळे, बाहेर जायचे असले की ते द्यावे लागे. कूपने कमी पडू लागली तसे प्रत्येक दांपत्य अडीनडीला असावीत म्हणून ती साठवू लागले. बाहेर जाणे कमी झाले, त्यामुळे सांभाळण्याची संधी आणि पर्यायाने कमाईही कमी झाली. कोणाचाही आळस नव्हता, कोणाचेही कौशल्य घटले नव्हते, तरी मंदी आली होती. अखेर अधिक कूपने छापल्यावर व्यवहार पुन्हा सुरू झाला, आणि पुढे ती अति छापल्यावर उलटी अडचण उभी राहिली.

तुमच्या मित्रमंडळींत टिपणांची देवाणघेवाण, बदली हजर राहणे किंवा पाळ्या वाटून घेणे असे काही चालत असेल, तर कोणाचे कोणाकडे किती येणे आहे याचा तक्ता मांडा. तेथेही साठवणूक आणि टंचाई दिसते.

८. प्रत्येक स्पष्टीकरणासमोर एक प्रतिस्पर्धी उभा करा

चौथ्या आठवड्यात पाठ्यपुस्तक उघडा आणि जुन्या नोंदींना संज्ञा लावायला सुरुवात करा. आता धोका असा, की प्रत्येक कुलपाला एकच किल्ली लागू लागते. "त्याने तसे केले, म्हणजे त्याला त्यातच अधिक समाधान होते" हे वाक्य कोणत्याही वर्तनाला लागू पडते, आणि म्हणूनच ते काहीही सांगत नाही. ते वहीत दिसले की खोडा.

त्याऐवजी दोन वेगळी स्पष्टीकरणे लिहा आणि ती एकमेकांपासून कशाने वेगळी करता येतील ते ठरवा. ग्रंथालयातल्या खुर्च्यांसाठी माझे पहिले स्पष्टीकरण असे होते : जागा धरण्याची किंमत शून्य आहे, म्हणून लोक गरज नसतानाही जागा धरतात. दुसरे असे : सगळे धरतात म्हणून आपल्यालाही धरावी लागते, सर्वांनीच सोडले तर कोणालाही धरण्याची गरज पडणार नाही. पहिले खरे असेल तर ग्रंथालय अर्धे रिकामे असतानाही पुस्तके ठेवलेली दिसली पाहिजेत. दुसरे खरे असेल तर ती फक्त गर्दीच्या दिवसांत दिसली पाहिजेत. मी दोन आठवडे मोजले. रिकाम्या दिवसांत खुर्च्यांसमोर पुस्तके जवळजवळ नव्हतीच.

पुढे परीक्षेच्या सुमारास काही विद्यार्थ्यांनी, कोणीही न सांगता, पुस्तकाबरोबर परतण्याची वेळ लिहिलेली चिठ्ठी ठेवायला सुरुवात केली, आणि ती वेळ टळली की दुसऱ्याने बसायचे असा शिरस्ता पडला. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात, सिंचनाचे पाणी, कुरणे आणि मासेमारी यांसारखी सामाईक साधने लोक स्वतःच नियम करून कशी टिकवतात हे दाखवले होते. त्यासाठी त्यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. मी ते प्रकरण त्या चिठ्ठ्या पाहिल्यानंतर वाचले, आणि वाचता वाचता वहीचे पहिले पान पुन्हा उघडले.

९. तिसाव्या दिवशी

वही मित्राच्या हाती द्या आणि त्याला न पटलेल्या प्रत्येक नोंदीसमोर प्रश्नचिन्ह काढायला सांगा. पहिल्या आठवड्यातल्या चौथ्या ओळींपैकी ज्यांना अजून उत्तर मिळालेले नाही त्या दुसऱ्या वहीच्या पहिल्या पानावर उतरवून घ्या. माझ्या अकरा उरल्या होत्या.